धनी अनेक, पॅन एक : करकपातीची पडताळणी

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेल्या प्रवाशाला धाराशिव जिल्ह्यात शिरल्यावर सुरुवातीलाच तामलवाडी हे गाव लागते. तालुका तुळजापूर, परंतु बाजारहाट, दवाखाना आणि नोकरीधंदा यांसाठी सोलापूर हाताशी. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आणि राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या अशा गावांतून केवळ एकाच उत्पन्नावर चालणारी घरे आता थोडी राहिली आहेत. शेती आहेच, तिच्या जोडीला कोणी साखर कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा ठेका घेतो, कोणी मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत कार्यालयात वा कारखान्यात काम करतो, कोणी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवितो. घरातील गृहिणी टपाल खात्याची बचत प्रतिनिधी असते आणि विम्याचेही काम पाहते. एकाच माणसाला वर्षभरात दोन, तीन, कधी चार ठिकाणांहून पैसे मिळतात. त्या प्रत्येक ठिकाणी, देयक हाती पडण्यापूर्वी, त्यातून काही रक्कम आयकरापोटी कापून घेतली जाते.

ही रक्कम कोणत्या दराने कापली, कोणत्या कलमाखाली कापली, कोणाच्या नावे जमा झाली आणि मुळात जमा झाली की नाही, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. ‘कंपनीने कापले, सरकारला गेले’ एवढ्यावर समाधान मानले जाते. प्रत्यक्षात कापलेली रक्कम हा करदात्याच्या खात्यावर जमा झालेला आगाऊ कर असतो. वर्षअखेर त्याचा कर त्याहून कमी निघाला तर उरलेली रक्कम त्याचीच आहे, आणि कर अधिक निघाला तर तफावत त्यालाच भरावयाची आहे. एक धनी असणाऱ्याचा हा हिशेब बहुधा धन्याच्या कार्यालयातच पुरा होतो. अनेक धनी असणाऱ्याचा हिशेब मात्र कोठेच पुरा होत नाही, कारण त्यातील एकालाही दुसऱ्याचा पत्ता नसतो.

कपातीची पद्धत

या भागाच्या दृष्टीने आयकर ही तशी अलीकडची गोष्ट म्हणावी लागेल. ब्रिटिश हिंदुस्थानात आयकर १८६० साली आला. उस्मानाबाद जिल्हा, ज्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय आयकर कायदा येथे लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. पगारातून कर कापण्याची पद्धत जुनी आहे. ठेकेदाराच्या देयकातून कपात करण्याची तरतूद, म्हणजे १९६१ च्या अधिनियमातील कलम १९४-सी, १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आली. व्यावसायिक मोबदल्यावरील कपातीचे कलम १९४-जे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९५ साली आले.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम, २०२५ संमत झाला असून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख आहे. नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वेतनावरील कपात कलम ३९२ मध्ये आणि इतर बहुतेक कपाती कलम ३९३ च्या एका तक्त्यात एकत्र आणल्या आहेत. या लेखातील क्रमांक, दर व मर्यादा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या, म्हणजे जुन्या अधिनियमाच्या आहेत. पडताळणीची रीत क्रमांक बदलल्याने बदलत नाही.

तीन संकेतांक

कपातीच्या प्रत्येक नोंदीत तीन संकेतांक असतात. पहिला करदात्याचा कायम खाते क्रमांक, अर्थात पॅन. दुसरा कापणाऱ्याचा क्रमांक, अर्थात टॅन. तिसरा ज्या कलमाखाली कपात झाली त्या कलमाचा. यांपैकी एक जरी चुकला तरी पुढील हिशेब बिघडतो.

पॅनमध्ये दहा स्थाने असतात : आधी पाच इंग्रजी अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथे अक्षर खातेदाराचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी ‘एच’. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते. एवढे ठाऊक असले तरी एजन्सीने दिलेल्या कागदावरील पॅन चुकला असल्याचे पुष्कळदा नजरेनेच कळू शकते. येथे विवाहित स्त्रियांच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. लग्नानंतर आडनाव बदलले म्हणून पॅन बदलत नाही. पाचव्या स्थानी माहेरच्या आडनावाचे अक्षर तसेच राहते आणि ते बरोबरच असते. नावात दुरुस्ती करून घ्यावी, पण दुसरा पॅन काढू नये. दोन पॅन बाळगणाऱ्यास कायद्यात दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय दोन एजन्स्यांनी दोन वेगळे पॅन नोंदविले तर कपातही दोन खात्यांत विभागली जाते, हा त्रास निराळाच.

पॅन न देणाऱ्याच्या देयकातून कपात होते ती २० टक्के दराने. ज्याने पॅन आधारशी जोडलेला नाही, त्याचा पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय मानला गेला असून त्यालाही हाच चढा दर लागतो. ठेकेदाराला दोन लाखांचे देयक मिळाले तर एक टक्क्याने २,००० रुपये जावयाचे, त्याऐवजी ४०,००० रुपये जातात. जोडणी होत नाही याचे कारण अनेकदा क्षुल्लक असते. आधारवर नाव-वडिलांचे नाव-आडनाव असा क्रम आणि पॅनवर आडनाव आधी, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हजार रुपये शुल्क भरून आणि नाव एकसारखे करून हा प्रश्न कायमचा मिटविता येतो. ठेकेदाराच्या चाळीस हजारांपुढे हे हजार रुपये काहीच नाहीत.

टॅनचीही स्थाने दहाच, पण रचना वेगळी : चार अक्षरे, पाच अंक, एक अक्षर. पहिली तीन अक्षरे प्रदेशाची. मुंबईकडील टॅन ‘एम-यू-एम’ने सुरू होतो. चौथे अक्षर कापणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर. अनेक एजन्स्यांकडे काम करणाऱ्याने प्रत्येकीचा टॅन एका वहीत टिपून ठेवावा. एजन्सीचा फलक एका नावाचा, पगार दुसऱ्या नावाच्या खात्यातून आणि कपात तिसऱ्याच नावाने, असेही घडते. तेव्हा नावावर विसंबता येत नाही, टॅनवर येते.

कलम कोणते, यावर दर ठरतो

तिसरा संकेतांक सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा. एकच काम, एकच मोबदला. पण तो ‘वेतन’ म्हणून दिला की ‘ठेका’ म्हणून की ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून, त्यावर कपात ठरते. वेतन असेल तर कलम १९२. तेथे ठराविक टक्केवारी नाही; वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर जितका कर येईल तितकाच बारा महिन्यांत विभागून कापावयाचा. ठेका असेल तर कलम १९४-सी, व्यक्तीसाठी १ टक्का. एक देयक ३० हजारांपेक्षा अधिक किंवा वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा अधिक झाल्यास. व्यावसायिक शुल्क असेल तर कलम १९४-जे, १० टक्के. तांत्रिक सेवेसाठी २ टक्के. १९४-जे ची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजारांवर नेण्यात आली. कमिशनसाठी कलम १९४-एच, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. विमा कमिशनसाठी १९४-डी, व्यक्तीसाठी १ एप्रिल २०२५ पासून २ टक्के. या दोन्हींची मर्यादा २० हजार.

एजन्सीमार्फत दरमहा ३० हजार रुपयांवर काम करणाऱ्या तरुणाचे उदाहरण घेऊ. वर्षाचे ३ लाख ६० हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत करच नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मोबदला वेतन म्हणून दिला गेला तर एक रुपयाही कापला जाणार नाही. तोच १९४-जे खाली व्यावसायिक शुल्क म्हणून दाखविला तर दरमहा ३,००० याप्रमाणे वर्षाला ३६ हजार रुपये कापले जातील. जवळजवळ सव्वा महिन्याचा पगार. ते परत मिळतील, पण विवरणपत्र भरल्यानंतर, पुढील वर्षी. दरम्यान त्याने हातउसने घेतलेल्या पैशाचे व्याज कोणी परत करीत नाही.

हजेरी लावावी लागते, रजा मागावी लागते, कामाची वेळ व पद्धत दुसरा ठरवितो, असे असेल तर तो संबंध मालक-नोकराचा असण्याची शक्यता अधिक. तसे असूनही कागदोपत्री व्यावसायिक ठरविण्यामागे कधी अज्ञान असते, तर कधी भविष्यनिर्वाह निधीसारख्या जबाबदाऱ्या टाळण्याचा हेतूही असू शकतो. कराच्या दृष्टीने तोटा दुहेरी होतो. कपात वाढते, आणि वेतनदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट हुकते. काम स्वीकारतानाच ‘कपात कोणत्या कलमाखाली होणार?’ असे विचारून घेणे हा संकोचाचा विषय नव्हे.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बाबतीत एक संस्था वेतन धरते आणि दुसरी शुल्क धरते, असे झाले तर एकाच वर्षाच्या विवरणपत्रात दोन शीर्षांखाली उत्पन्न दाखवावे लागते. अशा वेळी पगारदारांचा सोपा नमुना चालत नाही.

ऊसतोडणी-वाहतुकीचा ठेका

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी आहे. धाराशिव जिल्ह्यातही कारखाने आहेत. सीमेवरील गावातील ठेकेदार एकाच हंगामात दोन-तीन कारखान्यांशी करार करू शकतो. कर-संकेतांकांची सारी गुंतागुंत या एका व्यवसायात पाहावयास मिळते.

समजा, एका ठेकेदारास पहिल्या कारखान्याकडून ९ लाखांची, दुसऱ्याकडून साडेचार लाखांची आणि तिसऱ्याकडून लहान लहान देयकांची मिळून ९० हजारांची रक्कम मिळाली. पहिल्याने ९,००० व दुसऱ्याने ४,५०० कापले. तिसऱ्याची देयके एकेकटी ३० हजारांच्या आत आणि एकूण रक्कम लाखाच्या आत, म्हणून त्याने काहीच कापले नाही. येथे दोन चुका होतात. कापले नाही म्हणजे करमाफ, असे समजून तिसऱ्याचे ९० हजार हिशेबात धरले जात नाहीत, ही पहिली. दुसरी अधिक घातक. विभागाच्या नोंदीत ठेकेदाराच्या नावावर लाखो रुपयांची जमा दिसते. पण त्या रकमेतील मोठा भाग टोळीतील मजुरांच्या मजुरीचा असतो, त्याच्या खिशात तो राहत नाही. विवरणपत्र भरलेच नाही तर ही फोड सांगणारा कोणी उरत नाही. मजुरांना दिलेल्या उचलीची व मजुरीची नोंद ठेवणे एवढ्यासाठीच आवश्यक आहे.

लहान व्यावसायिकांसाठी कलम ४४-एडी ची अनुमानित पद्धत आहे. जमा बँकेमार्फत झाली असेल तर उलाढालीच्या किमान ६ टक्के, रोखीने असेल तर किमान ८ टक्के उत्पन्न धरावयाचे. नफा प्रत्यक्षात अधिक असेल तर अधिक दाखवावयाचा. वरील उदाहरणात एकूण जमा १४ लाख ४० हजार. सारी बँकेमार्फत असल्यास किमान उत्पन्न ८६,४०० रुपये येते. दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि कापलेले १३,५०० रुपये पूर्णपणे परत मिळण्यास तो पात्र. दलाली वा कमिशनच्या उत्पन्नाला मात्र ही पद्धत लागू नाही, हे मुकादमीच्या व्यवहारात ध्यानी घ्यावे.

मालमोटारीचा मालक असलेल्यास आणखी एक सवलत आहे. वर्षात कोणत्याही वेळी दहापेक्षा अधिक मालवाहू वाहने नसणाऱ्या वाहतूकदाराने तसे लेखी निवेदन पॅनसह दिले तर त्याच्या वाहतूक देयकातून १९४-सी खाली कपात होत नाही. निवेदन प्रत्येक कारखान्याला वेगवेगळे द्यावे लागते. एकाला दिलेले दुसऱ्याला कळत नाही.

आणि एक अडचण खास साखरधंद्याची. गाळप हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. कपात रक्कम खात्यात जमा दाखविताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा होते. त्यामुळे आगाऊ दिलेल्या रकमेची कपात एका वर्षात आणि कामाचे उत्पन्न पुढील वर्षात, असा प्रसंग येतो. कपातीचे श्रेय ज्या वर्षी उत्पन्न करपात्र होते त्या वर्षी मिळते, असा नियम आहे. तोवर ती रक्कम विवरणपत्रात पुढे ओढावी लागते. हंगामाचा हिशेब आणि कराचा हिशेब एकाच वहीत, पण दोन वेगळ्या पानांवर ठेवणारा ठेकेदार या घोळातून वाचतो.

कमी कपातीचा धोका

आतापर्यंत अधिक कपातीची उदाहरणे पाहिली. उलट घडते ते जास्त अनपेक्षित असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला शासकीय अभियंता घ्या. कोषागारातून वर्षाला ७ लाख निवृत्तिवेतन. एजन्सीमार्फत एका प्रकल्पावर नेमणूक, तेथे ७ लाख वेतन. कोषागार ७ लाखांतून ७५ हजारांची वजावट देते, सवलत धरते, कर शून्य काढते. एजन्सीही नेमके तेच करते. दोघांचेही गणित स्वतःपुरते बरोबर आहे. पण एकूण १४ लाखांवर वजावट एकदाच मिळते. उरलेल्या १३ लाख २५ हजारांवर १२ लाखांची सवलत लागू होत नाही. नव्या प्रणालीतील दरांनी कर होतो ७८,७५० आणि चार टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये. वर्षभरात एक पैसाही कापला गेलेला नाही. विवरणपत्र भरताना हा आकडा एकदम समोर येतो आणि आगाऊ कर न भरल्याबद्दल व्याजही पडते. साठ वर्षे पूर्ण केलेल्या व धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीस आगाऊ कराची सूट आहे. साठीच्या आतल्याला ती नाही.

ब्रिटनमध्ये यासाठी निराळी व्यवस्था आहे. तेथे कर-विभागच प्रत्येक नोकरीसाठी एक ‘कर-संकेत’ ठरवून मालकाला कळवितो. एका नोकरीवर १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा दिली की दुसऱ्या नोकरीला सामान्यतः ‘बी-आर’ हा संकेत मिळतो, म्हणजे तेथील सर्व पगारावर सरसकट २० टक्के. दोन एजन्स्यांकडे पाळ्या करणाऱ्या, आपल्याकडून तेथे गेलेल्या परिचारिकांना पहिल्या पगारपत्रकातच हे अक्षर भेटते. चूक झाली तर बहुधा जास्त कापले जाते. भारतात कोणताही विभाग दुसऱ्या मालकाला संकेत पाठवीत नाही. चूक झाली तर कमी कापले जाते आणि ती वर्षाअखेर उघडी पडते.

अर्थात उपाय कायद्यातच आहे. एकाच वेळी किंवा एकापाठोपाठ दोन मालकांकडे काम करणारा आपल्या पसंतीच्या एका मालकास दुसऱ्याकडील वेतनाचा व कपातीचा तपशील देऊ शकतो. जुन्या नियमांत यासाठी नमुना १२-बी होता. असा तपशील मिळाल्यावर त्या मालकाने एकत्रित वेतनावर कपात करणे बंधनकारक आहे. वरील अभियंत्याने एप्रिलमध्येच एजन्सीला निवृत्तिवेतन कळविले असते तर दरमहा सुमारे ६,८२५ रुपये कापले गेले असते आणि वर्षाअखेरचे ओझे उरले नसते.

अधिक कपात टाळण्यासाठी ‘पंधरा-जी भरून द्या’ असा सल्ला गावोगाव दिला जातो. तो व्याजासाठी ठीक आहे, विमा कमिशनसाठीही चालतो. ठेका, व्यावसायिक शुल्क आणि इतर कमिशनसाठी चालत नाही. त्यांच्यासाठी कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून घ्यावे लागते.

पडताळणी कोठे व कशी

पडताळणीचे मुख्य साधन म्हणजे वार्षिक करविवरण, नमुना २६-एएस. त्याच्या जोडीला नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उपलब्ध झाले. त्यात व्याज, लाभांश आदींच्याही नोंदी असतात. दोन्ही आयकर विभागाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येतात. सेवा केंद्रचालकाकडून काम करून घेतले तरी खात्यावर भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचाच असावा. केंद्रचालकाचा क्रमांक नोंदविलेला असला, तर परताव्यासंबंधीचा प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो.

विवरणात प्रत्येक कापणाऱ्याचे नाव, टॅन, कलम, तारीख, दिलेली रक्कम, कापलेला कर आणि जमा झालेला कर असे रकाने असतात. ‘नोंदीची स्थिती’ या रकान्यात एकच अक्षर असते, आणि तेच आधी पाहावे. ‘एफ’ म्हणजे अंतिम : पैसे जमा, नोंद जुळली. ‘यू’ म्हणजे न जुळलेली : एजन्सीने कपात दाखविली, पण जमा झालेल्या रकमेशी ती जुळत नाही. ‘ओ’ म्हणजे जमा रकमेपेक्षा जास्त श्रेय दाखविले आहे. ‘पी’ ही शासकीय कार्यालयांच्या नोंदीची तात्पुरती स्थिती. ‘एफ’ सोडून दुसरे अक्षर दिसले की एजन्सीच्या लेखा शाखेत चौकशी करावी. कपातीची संपूर्ण नोंदच नसेल तर एक तर विवरण दाखल झालेले नाही, किंवा पॅन चुकला आहे.

एजन्सीने कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, भरावयाचा असतो. तिमाही विवरणांच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. म्हणून ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी व जूनच्या मध्यास एकदा विवरण उघडून पाहिले तर त्या तिमाहीची चूक त्याच वेळी सापडते. वेतनाचे प्रमाणपत्र, नमुना १६, आणि इतर कपातीचे नमुना १६-ए ही दोन्ही विभागाच्या संकेतस्थळावरून काढलेलीच असली पाहिजेत. एजन्सीने स्वतःच्या शीर्षपत्रावर टंकून दिलेला कागद त्यांची जागा घेत नाही. नोकरी सोडलेल्याने जुन्या एजन्सीकडील नमुना १६ मागून घ्यावाच. सोडून गेलेल्याची आठवण ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

पॅन, कलम वा रकमेतील चूक करदात्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही. ज्याचा टॅन, त्यानेच दुरुस्ती-विवरण भरावयाचे. नव्या अधिनियमाने त्याची मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे. तेव्हा मागणी लेखी करावी. तीत आपला पॅन, देयकाचा क्रमांक व तारीख, रक्कम, कापलेला कर यांचा उल्लेख असावा आणि पोच घ्यावी. पगारपत्रके, देयकांच्या प्रती व बँकेचे पासबुक जपून ठेवावे.

कापले, पण भरले नाही

एजन्सीने कर कापला आणि शासनाकडे भरलाच नाही, तर? हा प्रश्न ज्याच्यावर येतो त्याची अवस्था कठीण असते : पगार कमी मिळालेला, आणि वर विभागाची मागणीची नोटीस. १९६१ च्या अधिनियमातील कलम २०५ त्याच्या बाजूने आहे. उत्पन्नातून कर कापला गेला असेल तेवढ्यापुरती करदात्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. मालकाने वेतनातून कापलेला कर भरला नाही, तरी विभागाने तो मालकाकडून वसूल करावा, नोकराकडून नव्हे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ च्या पत्राने आणि ११ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने अशा प्रकरणी करदात्याकडून सक्तीची वसुली करू नये असे अधिकाऱ्यांना कळविले.

परंतु हे संरक्षण मिळते ते कपात सिद्ध करू शकणाऱ्याला. पगारपत्रकावर कपातीची रक्कम छापलेली असणे आणि बँकेत जमा झालेली रक्कम तिच्याशी जुळणे, हा त्याचा पुरावा. रोखीने पगार घेऊन कोऱ्या पावतीवर सही करणाऱ्यापाशी असा पुरावा नसतो. कापलेला कर न भरणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही एजन्सीला लेखी आठवण देताना नमूद करण्यास हरकत नाही.

परताव्यासाठी विवरणपत्र भरणे अटळ आहे. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असले तरी. परतावा पॅनशी जुळलेल्या व आधी प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच येतो, आणि विवरणपत्राची ई-पडताळणी दाखल केल्यापासून ३० दिवसांत व्हावी लागते. विहित मुदत हुकली तर २०२५-२६ या वर्षाचे विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरता येते. त्यानंतर ‘अद्ययावत विवरणपत्र’ नावाची सोय आहे; पण तिच्याद्वारे परतावा मागता येत नाही, हे अनेकांना शुल्क खर्च झाल्यावर कळते. त्याहीपुढे राहिलेल्यासाठी विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज विचारात घेतला जातो, आणि एक कोटी रुपयांपर्यंतच्या परताव्याच्या बाबतीत तो प्रधान आयकर आयुक्त वा आयुक्तांकडे करावा लागतो. अर्जासोबत विलंबाचे खरे कारण आणि कपातीचा पुरावा जोडावा लागतो.